पक्केभाऊ

ज्याचं सगळीकडे बोलणं झालेलं असतं, असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. वाशीममध्ये तो सकाळी नवाच्या सुमारास पाटणी चौकात, चहाच्या टपरीपुढच्या बाकावर सापडतो. त्याचं खरं नाव आधार कार्डावर असेल; गाव त्याला पक्केभाऊ म्हणतं. कुणाचंही, कसलंही काम असो, भाऊ डोळे मिटून ऐकून घेतात, कट चहाचा शेवटचा घोट संपवतात आणि म्हणतात, "पक्कं समजा."

पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, पायात करकरणारी चप्पल. खिशात दोन मोबाइल. एक साहेबलोकांसाठी, दुसरा घरच्यांसाठी. दुसरा कायम सायलेंटवर. काखेत बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली डायरी, आणि तिच्या पानापानांवर नुसते फोन नंबर. मालेगाव रस्त्याला सोयाबीन-तुरीचं वावर आहे, ते मुलगा पाहतो. भाऊ गाव पाहतात.

काम घेऊन आलेल्या माणसाच्या देखतच ते फोन लावतात. "हा साहेब... नाही साहेब... आपलाच मानूस हाय साहेब... बरं, ठेवतो साहेब." पलीकडच्या साहेबांचा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही. एकदा हे बोलणं ऐन रंगात असताना कानाला लावलेल्या त्याच फोनची घंटी खणाणली. दुसरा असता तर उठून गेला असता. भाऊ जागचे हलले नाहीत. "पाहा, लाइन कटली तर साहेबानं आपल्याहून लावला," असं म्हणत त्यांनी फोन उचलला. पलीकडून वहिनी विचारत होत्या, गिरणीतून दळण आणता की मी जाऊ?

कामं होतात का? होतात की. सिलिंडर येतो, सात-बारावर नोंद चढते, पीकविम्याचे पैसे उशिरा का होईना पडतात. जे व्हायचंच असतं ते भाऊ आधी पक्कं करून ठेवतात. जे होत नाही, तिथं साहेबाची ऐनवेळी बदली झालेली असते. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघून वाशीम वेगळा जिल्हा झाला, तेव्हाही म्हणे भाऊंचं मुंबईत बोलणं झालेलं होतं. २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांची यादी निघाली, महाराष्ट्रातले चारच जिल्हे तिच्यात आले आणि त्यांत वाशीम होतं. त्या सकाळी भाऊंनी बाकावरच्या सगळ्यांना चहा पाजला. यादी मागे राहिलेल्या जिल्ह्यांची आहे, हे मी हळूच सांगितलं. "यादीत नाव लागनं महत्त्वाचं, गुरुजी," भाऊ म्हणाले. "एकदा लागलं की मंग पाहून घेऊ."

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. त्यामुळे भाऊ माझ्याकडे जरा कीव केल्यागत पाहतात. माझ्या ओळखीचे साहेब म्हणजे फार तर केंद्रप्रमुख. पण माझा त्यांच्यावर राग नाही, कारण भाऊ कुणाकडून छदाम घेत नाहीत. चार लोकांसमोर कुणी "भाऊ, तेवढं बघा ना" म्हणालं, की त्यांची त्या दिवसाची मजुरी वसूल. नगरपालिकेला एकदा उभे राहिले होते. सीट पक्की होती. निकालाच्या दिवशी गुलाल आणून ठेवला होता. तो पुढं होळीला कामी आला.

तर अशा माणसाच्या नातवाला नर्सरीत टाकायचं होतं.

शाळाही तशीच हेरलेली. नाव सांगत नाही. नावात इंटरनॅशनल आहे, फाटकासमोर तुरीचं वावर आहे आणि मधल्या रस्त्यानं म्हशी जातात. तिथून माझी जिल्हा परिषदेची शाळा हाकेच्या अंतरावर, आणि माझ्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी. नातू साडेतीन वर्षांचा. सून बी.एस्सी. झालेली. तिनं नोव्हेंबरातच विचारलं होतं, "बाबा, फॉर्म आणू का?" भाऊंना तो अपमान वाटला. फॉर्म ज्यांची ओळख नसते त्यांच्यासाठी असतात.

आता इथं थोडं कायद्यात शिरावं लागेल, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे आरटीईनं, खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायला लावल्या. शाळेचा वर्ग नर्सरीपासून सुरू होत असेल तर नर्सरीपासून. अर्ज ऑनलाइन, नावं सोडतीनं. शाळेला सरकार एका मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये देणं लागतं. ते देतं कधी, हे संस्थाचालकांना विचारावं, आणि विचारताना खुर्ची जरा लांब घ्यावी. मग ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलला. खासगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. माझ्या शाळेचं छप्पर गळतं, मुतारीला दार नाही; पण त्या महिन्यात इंटरनॅशनलवाल्यांना पहिल्यांदाच आमच्या शेजाराचा अभिमान वाटला. संस्थेचे सर रस्त्यात भेटले की आधी नमस्कार करू लागले.

भाऊंना त्या बदलात आपला हात दिसला. "सीटा मोकळ्या झाल्या, गुरुजी. म्या म्हनलं नव्हतं?"

मार्चमध्ये ते नातवाला घेऊन सरांकडे गेले. मलाही नेलं, कारण नुसतं बोलणं होऊन भागत नाही, ते होताना पाहणारा कुणी लागतो. मुलाची आणि आईबापाची चाळणी घ्यायला कायद्यानं बंदी केल्यापासून शाळांनी मुलाखतीचं नाव गप्पा ठेवलं आहे. तशा गप्पा सुरू झाल्या. सरांच्या केबिनमध्ये काचेचं टेबल, त्यावर प्लास्टिकची जनावरं मांडलेली. एका मॅडमनी गाय उचलून नातवासमोर धरली.

"व्हॉट इज धिस, बेटा?"

नातवानं गाय हातात घेतली, उलटी केली, पोटाखालून नीट पाहिली आणि सांगितलं, "गाभन हाय."

मॅडम सरांकडे पाहू लागल्या. सर भिंतीवरच्या सरस्वतीकडे. सुनेनं पदराआड हसू दाबलं. भाऊंची छाती मात्र दोन बोटं पुढं आली. "पाह्यलं सर? बाकीचे पोट्टे काऊ म्हनून मोकळे होतात. हे आतलं सांगते."

सर हसले. संस्थाचालकाचं हसू नफ्यात कमी आणि तोट्यात जास्त असतं. हे मधलं होतं. "भाऊ, तुमचा नातू म्हणजे आमचाच. सीट ठेवलीच समजा."

झालं, काम फत्ते. तेवढ्यात काउंटरवरच्या कारकुनानं पावतीपुस्तक पुढं सरकवलं. "रजिस्ट्रेशन भरून टाका भाऊ, म्हणजे नाव चढवतो." सुनेनं पर्स उघडली. "बाबा, भरून टाकू ना." भाऊंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं पर्स बंद केली.

"आपल्यात पावती?" ते कारकुनाला म्हणाले. "सरांचा शब्द हाय लेका. शब्दाची कोनी पावती फाडते का?"

सरांनी मान डोलावली. संस्थाचालकांना अशी माणसं फार आवडतात.

त्या संध्याकाळी चौकात पेढे वाटले गेले. पेढा घेणाऱ्यांत भाऊंचा ऑटोवालाही होता. भाऊंचा म्हणजे भाऊ ज्याच्या ऑटोत बसतात आणि महिन्याच्या शेवटी ज्याला हिशेब पक्का आहे असं सांगतात, तो. त्याची पोरगीही नातवाच्याच वयाची. त्यालाही तीच शाळा हवी होती. रोज तिथल्या पोरांची ने-आण करून फाटक पाठ झालेलं. भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुहं बी पाहून घेतो. पन यंदा आरटीई बंद झालं ना. पोरीले गुरुजीच्या शाळेपाशी टाक. सरकारनंच तसं सांगतलं. अर्ज-बिर्ज कायले भरतं?"

"हाव भाऊ," म्हणून त्यानं पेढा खाल्ला. आणि दुसऱ्या दिवशी तो तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा राहिला.

मे महिन्यात पारा चढला आणि कायद्याची गाडी उलटी फिरली. ६ मे ला मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारीच्या नियमाला स्थगिती दिली. खासगी शाळा पुन्हा २५ टक्क्यांत आल्या, अर्ज नव्यानं मागवले गेले. ऑटोवाल्यानं मला कॉम्प्युटर सेंटरवर नेलं. खरी परीक्षा तिथं असते. जन्मदाखला, राहण्याचा पुरावा, १ लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, सगळं बरोबर असलं तरी शेवटी नकाशावर तो फुगा आपल्या घरावर टेकवावा लागतो. शाळा १ किलोमीटरच्या आत की बाहेर, ते या फुग्यावरून ठरतं. सेंटरचं पोरगं माऊस ओढत होतं आणि ऑटोवाला स्क्रीनला नाक लावून ओरडत होता, "उजव्या अंगाले घे... आरं, नालीत गेलं माहं घर!... थोडं मांगं... हा पाय, हे टिनाचं!" फुगा एकदाचा त्याच्या टिनावर बसला. आयुष्यभर लोकांना त्यांच्या दारात नेऊन सोडणाऱ्या माणसाला स्वतःचं दार सापडायला पाऊण तास लागला. मग त्यानं प्रिंट घेतली, तिची झेरॉक्स काढली आणि दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑटोच्या सीटखाली ठेवली.

भाऊंना हे कळलं तेव्हा ते हसले. "लॉटरी? पुन्यात चिठ्ठी निंघते, अन् वाशीमले सीट भेटते? कायचं येड हाय!"

७ जूनला सोडत निघाली. पण न्यायालयात प्रकरण चालू, म्हणून यादी लागेना. तोवर विदर्भातला उन्हाळा सरला, जुलै लागला आणि शाळा उघडल्या. नातू नवीन गणवेशात, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठं दप्तर घेऊन इंटरनॅशनलात बसू लागला. रजिस्टरमध्ये नाव नव्हतं. ते मागाहून टाकू, असं सरांशी बोलणं झालं होतं. रोज सकाळी भाऊ स्वतः त्याला ऑटोत घालून नेत आणि परत येताना ऑटोवाल्याला समजावत, की पाहा, शब्द काय असतो.

१९ जुलैला निकाल आला. उच्च न्यायालयानं फेब्रुवारीची दुरुस्ती रद्द केली. वर असंही सांगितलं, की मधल्या काळात शाळांनी जे प्रवेश देऊन टाकले त्यांना धक्का लावू नका. पण २५ टक्के जागा भरल्याच पाहिजेत, त्यासाठी वर्गातल्या जागा वाढवाव्या लागल्या तरी चालतील. लगोलग याद्या लागल्या. ऑटोवाल्याच्या मोबाइलवर मेसेज आला. त्यानं तो मला दाखवला, मग माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, मग सेंटरच्या पोराकडून वाचून घेतला आणि मगच विश्वास ठेवला.

भाऊ त्याच दिवशी मला घेऊन शाळेत गेले. सरांच्या टेबलावर तेच पावतीपुस्तक उघडं होतं आणि कारकून नंबर लावून यादी करत होता. शिक्षण विभागाला ती द्यायची होती.

"आमच्या पोट्ट्याचं नाव चढवा ना सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "भाऊ, वर्ग भरला हो. चटईवरही जागा नाही. पावतीवाल्यांना कोर्टाचं संरक्षण आहे. आरटीईवाल्यांना कायद्याचं आहे. तुम्हाला फक्त माझं आहे."

"मंग तेच पाह्यजे ना आपल्याले!"

"ते मी दिलंच आहे," सर म्हणाले. "पण ते लिहायचं कुठल्या रकान्यात?"

कारकुनानंही मान हलवून रकाने दाखवले. खरंच, तसा रकाना नव्हता. भाऊंनी साहेबलोकांचा फोन काढला, बटणं दाबली, कानाला लावला. मी पाहत होतो. या वेळी ते "हा साहेब" म्हणाले नाहीत. बराच वेळ घंटी ऐकत राहिले. मग फोन खिशात टाकला आणि नेहमीचं सांगितलं, "मीटिंगमधी हायेत."

बाहेर ऑटोवाला उभा होता. पोरीला आणलं होतं, पडताळणी उरकून आली होती. तिच्या केसांना तेल, दोन्हीकडं लाल फिती. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. हा आता काय बोलतो म्हणून माझाच जीव खालीवर झाला.

"तुह्या पोरीचा नंबर लागला म्हन्ते."

"हाव भाऊ."

"अर्ज भरला होता तुनं?"

"हाव भाऊ. तुमचा शब्द होताच," ऑटोवाला म्हणाला, "पन म्या म्हनलं, साहेब मीटिंगमधी असले तं?"

चौकात येईपर्यंत भाऊ सावरले होते. बाकावर बसले, चहा मागवला आणि ऑटोवाल्याच्या पोरीचं काम कसं झालं ते चार जणांना सांगायला लागले. "त्यालेच सांगतलं होतं म्या, तुहं पाहून घेतो. पाह्यलं की नाही?" ऑटोवाला बाजूलाच होता. तो काही बोलला नाही. त्या महिन्याचं भाडं मात्र त्यानं तिथंच, चार लोकांत मागितलं. भाऊंनी दिलं. अशा रीतीनं न्यायालयाच्या निकालाचा आणखी एक फायदा झाला.

सर्वोच्च न्यायालय बाकी होतं. ऑगस्टचा पहिला आठवडा भाऊंनी त्याच्यावर काढला. दिल्लीत बोलणं झालं आहे, असं ते सांगत. नातू घरी बसून कोंबड्यांना रंग शिकवत होता. ऑगस्टमध्येच सर्वोच्च न्यायालयानंही शाळांचं म्हणणं फेटाळलं आणि मुंबईचा निकाल कायम राहिला. दिल्लीच्या साहेबांची तेवढ्यात बदली झाली असावी.

मग एक दिवस सून आपणहून पोराला घेऊन माझ्या शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत आली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून या देशात ३ ते ६ वर्षांच्या पोरांसाठी बिनओळखीची जागा आहे, ती हीच. मागं मागं भाऊही आले. फाटकाशी जरा थांबले, कुणी पाहत नाही ना ते पाहिलं आणि आत शिरले. ताईंनी पोराचं वजन केलं, उंची मोजली, जन्मदाखला पाहिला आणि लगेच रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. पोरगं तोवर खिचडीच्या ताटाशी जाऊन बसलंही होतं.

"झालं?" भाऊंनी विचारलं.

"झालं ना."

"पावती?"

ताई गोंधळल्या. "भाऊ, इथं फी नसते. पावती कशाची देऊ?"

"तसं चालनार नाही," भाऊ म्हणाले. आवाजात असा करारीपणा मी त्यांच्या निवडणुकीतही ऐकला नव्हता. "उद्या कोर्टानं काही केलं तं? लेखी पाह्यजे. अन् शिक्का पाह्यजे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. शेवटी त्यांनी वहीचं पान फाडलं, अमुक तारखेला अमुक बालकास प्रवेश दिला, असं लिहिलं, सही केली आणि शिक्का शोधू लागल्या. अंगणवाडीत एकच शिक्का होता, पोषण आहाराच्या पोत्यांच्या नोंदीचा. तोच त्यांनी सहीवर मारला. भाऊंनी कागद उजेडात धरून शिक्क्याचं अक्षर न् अक्षर वाचलं, घडी केली आणि साहेबलोकांच्या मोबाइलमागे खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो लॅमिनेट होऊन चौकात आला. सगळ्यांनी पाहिला. शिक्क्यावर तांदूळ, मूगडाळ आणि आवक लिहिलेलं आहे, हे काहींच्या ध्यानात आलं, पण कुणी बोललं नाही. घरी मात्र सुनेनं सासऱ्यांची परवानगी न घेता तो कागद कपाटात, सात-बारा आणि आधार कार्डांच्या फायलीत लावला आणि किल्ली आपल्या कमरेला खोचली. भाऊंना चौकात दाखवायला एक रंगीत झेरॉक्स दिली आहे.